स्वस्तातले स्मार्ट सेन्सर आणि जोडलेली उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मार्ट होमबद्दल लोक मला सतत प्रश्न पाठवतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढे अडचणीचे आणि अपवादाचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर खरेदीआधी निदान ५ आणि ११ वाचा.

१. अगदी नव्याने सुरुवात करतोय. आधी काय घेऊ?

आधी काहीच घेऊ नका. घरात रोज कशाचा त्रास होतो ते लिहून काढा: दार उघडं राहतं, टाकी भरून वाहते, रात्री जिन्यात अंधार असतो, वॉशिंग मशीनखाली पाणी साचतं. मग प्रत्येक ओळीपुढे लिहा, की सेन्सरने सांगितल्यावर तुम्ही किंवा एखादं उपकरण नेमकं काय करणार. ज्या ओळीपुढे काही सुचत नाही, तिथे सेन्सरची गरज नाही. फोनवर नुसते आकडे दिसण्याचं कौतुक फार दिवस टिकत नाही.

बहुतेकांसाठी पहिली उपयोगी खरेदी म्हणजे दाराचा सेन्सर, पाणीगळतीचा सेन्सर आणि एखादा स्मार्ट प्लग. दाराच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि चुंबक जवळ आलं की स्थिती बदलणारा छोटा स्विच असतो. गळतीच्या सेन्सरला खाली दोन धातूचे टोक असतात आणि पाण्याने ते जोडले गेले की सूचना येते. रचना इतकी साधी असल्यामुळे या दोन प्रकारांत स्वस्त आणि महाग यांत कामाचा फरक कमी असतो. हालचाल, हवा, गॅस यांच्या बाबतीत तसं नाही (पाहा ८, १०, ११).

२. वायफाय, झिग्बी, झेड-वेव्ह, थ्रेड, ब्लूटूथ… यातलं कुठलं घ्यायचं?

ही सगळी उपकरणांनी एकमेकांशी बिनतारी बोलण्याच्या पद्धतींची नावं. थोडक्यात सांगायचं तर विजेवर चालणारं एखाद-दुसरं उपकरण असेल तर वायफाय, आणि बॅटरीवरचे बरेच सेन्सर असतील तर झिग्बी किंवा थ्रेड.

वायफायला वेगळा हब, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करणारा डबा, लागत नाही, राउटर घरात असतोच. पण वायफायची चिप जागी असताना शंभर मिलिअँपिअरच्या आसपास वीज खाते, त्यामुळे बॅटरीवरच्या वायफाय सेन्सरला बहुतेक वेळ झोपूनच राहावं लागतं. शिवाय प्रत्येक उपकरण राउटरवर एक जागा अडवतं आणि साध्या राउटरला वीस-तीस उपकरणांनंतर धाप लागू शकते.

झिग्बी त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, पण फार कमी विजेवर. विजेला जोडलेलं बहुतेक झिग्बी उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवतं, म्हणून अशी उपकरणं वाढली की जाळं पसरतं आणि घट्ट होतं. परवडणाऱ्या सेन्सरांची सर्वांत मोठी निवड आजही इथेच आहे. सोनॉफ आणि अकारा यांनी बनवलेले झिग्बी सेन्सर सहज मिळतात. थ्रेडचा रेडिओ झिग्बीसारखाच असतो, फक्त त्यावर प्रत्येक उपकरणाला इंटरनेटसारखा स्वतःचा पत्ता मिळतो. त्यासाठी थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा बॉर्डर राउटर लागतो, आणि तो काही स्मार्ट स्पीकरमध्ये आधीच बसवलेला असतो.

झेड-वेव्ह एक गिगाहर्ट्झच्या खाली चालतं, त्यामुळे भिंती चांगल्या भेदतं आणि वायफायशी त्याची टक्कर होत नाही. मात्र उपकरणं महाग पडतात आणि प्रदेशानुसार वारंवारता बदलते (पाहा १७). ब्लूटूथ सेन्सर स्वस्त असतात, पण पल्ला कमी. एका खोलीतल्या तापमानासाठी ठीक.

३. मग हब घ्यावाच लागतो का?

झिग्बी, झेड-वेव्ह किंवा थ्रेड घ्यायचं तर हो, या ना त्या रूपात. तो वेगळा डबा असेल, स्मार्ट स्पीकरच्या आत असेल, नाहीतर संगणकाला लावायचा युएसबी डोंगल असेल. पाचपेक्षा जास्त सेन्सर लावायचा विचार असेल तर हबचा खर्च वसूल होतो, कारण झिग्बी सेन्सर त्याच कामाच्या वायफाय सेन्सरपेक्षा सहसा स्वस्त असतो आणि त्याची बॅटरीही अधिक टिकते.

थोडी तांत्रिक आवड असेल तर होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली जुन्या छोट्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या हातात मावणाऱ्या संगणकावर बसवा. २०१३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आज वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र आणण्याचा सर्वांत मोकळा मार्ग आहे असं माझं ठाम मत आहे. पहिले एक-दोन शनिवार-रविवार त्यात जातील हे मात्र धरून चाला.

४. खोक्यावर मॅटरचं चिन्ह आहे. म्हणजे सगळ्यांशी चालेल ना?

मूळ काम चालेल, पण प्रत्येक सोय चालेलच असं नाही. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटर हा वेगळा रेडिओ नाही. वायफाय, इथरनेट किंवा थ्रेडवरून उपकरणांनी कोणत्या भाषेत बोलायचं हे तो ठरवतो आणि पहिल्या जोडणीसाठी ब्लूटूथ वापरतो. एकच उपकरण एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपना जोडता येतं आणि ताबा घरातल्या घरात राहतो, हे त्याचे खरे फायदे.

गोम आवृत्तीत आहे. धुराचे अलार्म आणि हवेच्या गुणवत्तेचे सेन्सर १.२ मध्ये आले, विजेचा वापर मोजण्याची सोय १.३ मध्ये. तुमच्या ॲपने ती आवृत्ती अजून स्वीकारली नसेल तर तुमचा प्लग चालू-बंद होईल, पण किती वीज खाल्ली हे त्या ॲपमध्ये दिसणार नाही. म्हणून नुसतं चिन्ह पाहू नका. तुम्हाला हवी ती सोय तुमच्याच ॲपमध्ये दिसते का, हे शोधून मगच घ्या. आणि खोक्यावर "मॅटर ओव्हर थ्रेड" असेल तर बॉर्डर राउटर घरात आहे ना, हेही पाहा.

५. इंटरनेट गेलं, किंवा उद्या कंपनीच बंद पडली, तर उपकरणांचं काय?

हा प्रश्न लोक खरेदी झाल्यावर विचारतात. तो आधी विचारायला हवा.

अनेक स्वस्त उपकरणांत सेन्सरचा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि आदेश तिथून परत घरात येतो. दार उघडलं, हाताच्या अंतरावरचा दिवा लागायचा आहे, पण मधला प्रवास दुसऱ्या खंडापर्यंतचा. इंटरनेट गेलं की तो दिवा लागत नाही. सर्व्हर कायमचे बंद झाले तर उपकरण धडधाकट असूनही निकामी होतं. हे घडलेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब नेस्ट या कंपनीने विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. लोझ या दुकानसाखळीने आपली आयरिस ही प्रणाली मार्च २०१९ अखेर गुंडाळली. इन्स्टिऑन या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. पुढे काही ग्राहकांनीच पुढाकार घेऊन ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू झाली, पण अशा योगायोगावर विसंबून कुणी खरेदी करू नये.

त्यामुळे दोन उपकरणांत निवड करायची असेल तर माझी पहिली कसोटी किंमत नसते, ताबा घरातच राहतो का ही असते. झिग्बी, झेड-वेव्ह आणि मॅटरची उपकरणं स्थानिक हबशी बोलतात, त्यामुळे ती बहुतांशी यात उतरतात. मात्र हब स्वतःच क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, अवलंबून असेल तर फायदा वाया जातो. घरी आणल्यावर एक चाचणी जरूर करा: राउटर चालू ठेवून त्याची फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा, दोन मिनिटं थांबा आणि दिवा, प्लग, स्वयंचलित नियम चालतात का पाहा. चालत नसतील तर परतीच्या मुदतीत काय करायचं ते ठरवा.

६. अनोळखी ब्रँडचं तेच उपकरण निम्म्या किमतीत दिसतंय. घेऊ का?

बऱ्याचदा ते खरोखर "तेच" असतं. तुयासारख्या कंपन्या तयार चिप, ॲप आणि क्लाउड पुरवतात आणि शेकडो ब्रँड त्यावर आपलं नाव छापतात. दार, गळती, तापमान यांसाठी असा सेन्सर घ्यायला हरकत नाही, फक्त झिग्बीचा घ्या, म्हणजे ॲप आवडलं नाही तरी दुसऱ्या हबला जोडता येईल. झिग्बी२एमक्यूटीटी या मुक्त प्रकल्पाची सुसंगत उपकरणांची यादी उघडून मॉडेल क्रमांक तिथे शोधा. सापडला तर निर्धास्त व्हा.

भिंतीच्या विजेला थेट जोडायच्या वस्तूंत मात्र अनोळखी नाव नकोच. तिथे आतला रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), सोल्डर आणि तारांमधलं अंतर हे घराच्या सुरक्षेचे प्रश्न असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

७. "बॅटरी दोन वर्षं" असं लिहिलं होतं, चार महिन्यांतच संपली. असं का?

हिशेब सोपा आहे. सीआर२०३२ या नाणेसेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. सेन्सर सरासरी १० मायक्रोअँपिअर वापरत असेल तर २२,००० तास, म्हणजे अडीच वर्षं. सरासरी ७० मायक्रोअँपिअरवर गेली की तोच सेल सव्वाचार महिन्यांत संपतो. आणि सरासरी वाढवणारी गोष्ट एकच: वारंवार जागं होणं. वर्दळीच्या खोलीतला हालचाल सेन्सर, दर काही सेकंदांनी आकडा पाठवणारा तापमान सेन्सर, किंवा जाळ्याशी नीट संपर्क न होणारा आणि पुन्हा पुन्हा हाका मारणारा सेन्सर. शेवटचं कारण सर्वांत जास्त सापडतं (पाहा १५).

निवड असेल तेव्हा सीआर२४५० किंवा ट्रिपल-ए सेल वापरणारं मॉडेल घ्या. त्यांची क्षमता सीआर२०३२ च्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहून अधिक असते. ट्रिपल-एच्या जागी रिचार्जेबल सेल घातले तर त्यांचा व्होल्टेज १.५ ऐवजी १.२ असल्याने काही सेन्सर भरलेला सेलही रिकामा दाखवतात.

घरात लहान मूल असेल तर नाणेसेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच मॉडेल घ्या. गिळलेला सेल अन्ननलिका दोन तासांतही गंभीरपणे भाजू शकतो. शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

८. मी खोलीत बसलेलो असतानाच दिवा बंद होतो. सेन्सर खराब आहे का?

नाही, तो त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतोय. स्वस्त हालचाल सेन्सर पीआयआर प्रकारचे असतात. समोरच्या उष्णतेच्या चित्रात बदल झाला तरच त्यांना कळतं. स्थिर बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. तुम्ही सेन्सरच्या दिशेने सरळ चालत आलात तर उशिरा कळतं, आडवे गेलात तर लगेच. काचेपलीकडचं तर दिसतच नाही, आणि उकाड्यात खोलीचं तापमान शरीराच्या जवळ पोचलं की पल्लाही घटतो.

आधी फुकटचे उपाय करा. दिवा बंद होण्याआधीची प्रतीक्षा वाढवा आणि सेन्सर वाटेला आडवा दिसेल असा लावा. तरी भागलं नाही तर मिलिमीटर-वेव्ह रडार असलेला उपस्थिती सेन्सर घ्या. श्वासाने छाती हलते तेवढीही हालचाल तो टिपतो. पण तो बहुतेक वेळा सततच्या विजेवर चालतो, आणि फिरता पंखा, हलणारा पडदा, पातळ भिंतीपलीकडचा माणूस हेही त्याला जाणवतात. त्याचा पल्ला आणि झोन ठरवता येत नसतील तर ते मॉडेल टाळा. वाचत बसण्याच्या आणि कामाच्या खोलीत रडार, जिन्यात, बोळात आणि बाथरूमच्या दाराशी पीआयआर, ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

मांजर-कुत्र्यामुळे पीआयआर चाळवत असेल तर तो उंच लावून भिंगाचा खालचा भाग चिकटपट्टीने झाका.

९. शेजारी ठेवलेले दोन तापमान सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवतात. खरं कोणाचं?

अर्ध्या अंशाचा फरक सामान्य आहे. दोन अंशांचा असेल तर आतली चिप पाहा: डीएचटी११ ची अचूकताच ±२ अंश सेल्सिअस आहे, तर सेन्सिरिऑनच्या एसएचटी३० मालिकेतल्या चिपची ±०.३ च्या आसपास. वायफायच्या छोट्या डब्यात चिपच स्वतः तापते आणि आकडा फुगवते.

आर्द्रता घरीच तपासता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि ते सेन्सरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. जो फरक दिसेल तो ॲपमध्ये वजा करा.

१०. हवेची गुणवत्ता सांगणारा स्वस्त डबा कार्बन डायऑक्साइडही दाखवतो. विश्वास ठेवू?

तपशिलात "एनडीआयआर" किंवा "फोटोअकूस्टिक" (हा वायू थेट मोजण्याच्या दोन पद्धती) लिहिलं असेल तर ठेवा. ते नसेल, किंवा "ईसीओ२" लिहिलं असेल, तर तो डबा कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. हवेतल्या इतर सेंद्रिय वायूंवरून तो अंदाज बांधतो, आणि अत्तर किंवा फिनाइलने त्याचा आकडा उसळतो.

खऱ्या सेन्सरचीही एक खोड आहे. ठरावीक काळातली सर्वांत स्वच्छ हवा म्हणजे बाहेरची हवा, साधारण ४०० पीपीएम (दहा लाखांत ४०० भाग), असं गृहीत धरून तो स्वतःला जुळवून घेतो. खिडकी कधीच न उघडणाऱ्या खोलीत तो हळूहळू कमी आकडा दाखवू लागतो. आठवड्यातून एकदा खोली नीट मोकळी करा.

पीएम २.५ चे, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ मोजणारे, लेझर सेन्सर स्वस्तातही चांगले मिळतात. दमट हवेत मात्र पाण्याचे सूक्ष्म थेंब धूळ म्हणून मोजले जातात.

११. धूर आणि गॅससाठी स्वस्त स्मार्ट सेन्सर पुरेसा आहे का?

प्रमाणित नसेल तर नाही. इथे पैसे वाचवू नका. धुराच्या अलार्मवर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मवर ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ असं, किंवा तुमच्या देशातलं त्याच्या तोडीचं प्रमाणन असायला हवं. आणि भोंगा उपकरणातच हवा. फोनवरची सूचना रात्री सायलेंटमध्ये हरवते, इंटरनेट नसेल तर येतच नाही.

जागाही महत्त्वाची. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा सेन्सर जमिनीजवळ. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून छताजवळ. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलात तर सेन्सर वर सरकवावा लागतो. तो दोन्ही वायूंसाठी बनला आहे का, हेही पाहा. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, तो बटण दाबल्यावर वाजत असला तरीही. उत्पादनाची तारीख मागे छापलेली असते.

१२. स्मार्ट बल्ब घ्यावा की स्मार्ट स्विच?

घरात एकापेक्षा जास्त माणसं असतील तर स्विच. कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करतं आणि स्मार्ट बल्ब मेल्यासारखा पडून राहतो. तो झिग्बीचा असेल तर त्याच्यामार्गे बोलणारे सेन्सरही तुटतात. रंग हवे असतील किंवा भाड्याच्या घरात वायरिंगला हात लावता येत नसेल, तर बल्ब ठीक.

स्विच घेण्याआधी भिंतीतल्या बोर्डात न्यूट्रल तार आहे का ते वायरमनकडून पाहून घ्या. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विच मिळतात, पण ते जिवंत राहायला दिव्यातूनच थोडा प्रवाह सोडतात. त्यामुळे कमी वॅटचे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात, आणि असे स्विच बहुधा झिग्बीचे निरोप पुढे पोचवत नाहीत.

१३. स्मार्ट प्लगवर हीटर किंवा गिझर लावला तर चालेल?

व्होल्टेज गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हीटरचे वॅट प्लगच्या मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाच्या आत नसतील तर लावू नका, कारण हीटर तासन्‌तास पूर्ण प्रवाह ओढतो आणि स्वस्त प्लगचे संपर्क तापतात. मोटर आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेतात. पंप, फ्रिजसाठी त्या कामाचा रिले किंवा कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) हवा. खोली तापवणारा हीटर घरात कुणी नसताना आपोआप सुरू होईल असा नियम कधीही लिहू नका. वीज जाऊन आल्यावर प्लग कोणत्या स्थितीत येतो ही सेटिंगही तपासा.

१४. नवीन उपकरण वायफायला जोडलंच जात नाही.

बहुतेक स्वस्त उपकरणांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. जोडणी होईपर्यंत राउटरवरचं ५ गिगाहर्ट्झ बंद करा, फोनचा मोबाइल डेटाही बंद करा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर असेल तर डब्ल्यूपीए२ ला परवानगी द्या.

१५. झिग्बी सेन्सर सारखा ऑफलाइन जातो.

युएसबी डोंगल संगणकाच्या अंगालाच खोचलेला असेल तर आधी तो अर्धा-एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर घ्या. युएसबी ३ च्या पोर्टमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट होतो, आणि केवळ या केबलने सुटलेल्या तक्रारी मी असंख्य वाचल्या आहेत. मग वाहिन्या (चॅनेल) पाहा. वायफायची १, ६ आणि ११ यांच्या फटींत झिग्बीच्या १५, २० आणि २५ बसतात. राउटर १ वर असेल तर झिग्बी २० किंवा २५ वर ठेवा. वाहिनी बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात, म्हणून हे सुरुवातीलाच करा.

त्यानंतर जाळं. हब आणि दूरच्या सेन्सरच्या मधोमध विजेवरचा एक झिग्बी प्लग लावा. बॅटरीचे सेन्सर निरोप पुढे नेत नाहीत, ते कितीही वाढवले तरी पल्ला वाढत नाही. सगळेच बल्बही नेतात असं नाही, सेंगलेडचे झिग्बी बल्ब नेत नाहीत. सेन्सर जिथे राहणार तिथेच जोडा, हबजवळ जोडून मग नेऊ नका.

१६. हे सगळं हॅक होऊ शकतं ना? कॅमेरा लावायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. मूळचे पासवर्ड बदलले असते तर त्यातलं बरंच टळलं असतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सरसकट पासवर्ड बेकायदा आहेत आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे विक्रेत्याला सांगावं लागतं. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तो कालावधी शोधून पाहा.

वायफायची उपकरणं राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) ठेवा, खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, राउटरवर बाहेरून पोर्ट उघडू नका. कॅमेरा मेमरी कार्डवर साठवणारा घ्या. शयनकक्षात कॅमेरा लावूच नका, तिथे दाराचा किंवा उपस्थितीचा सेन्सर पुरतो.

१७. दुसऱ्या देशातून मागवलेलं चालेल का?

झिग्बी, थ्रेड, ब्लूटूथ चालतील. झेड-वेव्ह चालेलच असं नाही: युरोपात ८६८.४२, अमेरिकेत ९०८.४२ मेगाहर्ट्झ, आणि एका प्रदेशाचं उपकरण दुसऱ्याच्या हबशी बोलत नाही. प्लग आणि स्विचसाठी व्होल्टेज आणि पिनांचा आकार पाहा, ॲडॅप्टर लावून जड उपकरण चालवू नका. काही ब्रँडांचे क्लाउड प्रदेशानुसार वेगळे असतात, त्यामुळे खातं उघडताना निवडलेला देश नंतर अडवू शकतो.

१८. वापरलेलं उपकरण घेताना किंवा देताना काय पाहू?

झिग्बीचा सेन्सर रीसेट बटणाने कोरा होतो, त्यामुळे तो बिनधास्त घ्या. क्लाउडवर चालणारं उपकरण, विशेषतः कॅमेरा आणि कुलूप, आधीच्या मालकाच्या खात्यात अडकलेलं असू शकतं आणि बटण दाबून ते सुटत नाही. विकणाऱ्याने तुमच्यासमोर आपल्या ॲपमधून उपकरण काढून टाकलं आणि ते तुमच्या फोनवर जोडलं गेलं, की मगच पैसे द्या. देताना क्रम असा: आधी ॲपमधून काढा, मग रीसेट करा, मेमरी कार्ड काढून घ्या. मॅटरचं उपकरण असेल तर जोडणीचा कोड छापलेला कागदही सोबत द्या, तो हरवला आणि उपकरणावर छापलेला नसला तर नव्या माणसाला ते जोडता येणार नाही.